बिब्लॉस: फॅरोंची लाकडाची वखार

इजिप्तमध्ये सोनं होतं, धान्य होतं, दगड तर मागाल तेवढा होता. नव्हतं ते चांगलं लाकूड. नाईलकाठी बाभूळ आणि उंबराच्या जातीची झाडं वाढत, पण बाभळीची लांब, सरळ फळी निघत नाही. तिच्यापासून खुर्ची होते, पेटी होते, तुकडे जोडून नदीत चालणारी होडीही होते. देवळाचा भलाथोरला दरवाजा किंवा समुद्रात जाणारं गलबत करायचं तर सरळसोट वाढणारी उंच झाडं लागतात, आणि ती होती समुद्रापलीकडे, लेबनॉनच्या डोंगरात. लेबनॉनचा सीडर म्हणजे हिमालयातल्या आपल्या देवदाराचाच भाऊबंद. लाकूड सुवासिक आणि किडीला सहजी दाद न देणारं. या डोंगरांतल्या झाडांची राळही इजिप्तला हवी असे. मृतदेह टिकवण्याच्या कामी ती लागे.

त्या डोंगराच्या पायथ्याशी, समुद्राला खेटून एक लहानसं गाव होतं. ते गाव आजही आहे. बैरूतच्या उत्तरेला चाळीसेक किलोमीटरवर असलेलं जुबैल ते हेच. जुने रहिवासी त्याला गुबला किंवा गेबाल म्हणत. ग्रीकांनी बिब्लॉस म्हटलं आणि जगात तेच नाव चाललं. या गावाने दीडएक हजार वर्षं इजिप्तला लाकूड पुरवलं. एवढ्या काळात त्याने कुणावर मोठी स्वारी केली नाही की साम्राज्य उभारलं नाही. मोठं गिऱ्हाईक सांभाळत जगणं, कधी त्याच्या पाया पडून तर कधी त्याला दारात ताटकळत ठेवून, हाच त्याचा इतिहास.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. फिनिशिया नावाचा देश कधीच नव्हता. आजच्या लेबनॉनचा किनारा आणि त्याला लागून उत्तर-दक्षिणेचा थोडा भाग, एवढ्या चिंचोळ्या पट्टीत अर्वाद, बिब्लॉस, सायडन, टायर अशी वेगवेगळी बंदरं होती. (मराठी बायबलात सोर आणि सीदोन म्हणून येतात ती टायर आणि सायडन.) प्रत्येकाचा राजा वेगळा, मुख्य दैवत वेगळं, व्यापारातले मित्र-शत्रूही वेगळे. भाषा जवळजवळ एकच होती, तरी एकीचा पत्ता नव्हता. ‘फिनिशियन’ हा शिक्का ग्रीकांनी मारला. ही माणसं स्वतःची ओळख गावाच्या नावाने देत. अभ्यासक हा शब्द साधारण इ.स.पू. १२०० नंतरच्या काळासाठी वापरतात. बिब्लॉसची वस्ती मात्र त्याहून कितीतरी जुनी, सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीची आहे.

सुरुवातीला ती कोळ्यांची आणि शेतकऱ्यांची वस्ती होती. समुद्रात घुसलेला खडकाळ उंचवटा, दोन बाजूंना होड्या लावायला छोट्या खाड्या आणि टेकाडाच्या मध्यभागी गोड्या पाण्याचा झरा. एवढं असलं की माणसं जागा सोडत नाहीत. चुन्याने गुळगुळीत केलेल्या जमिनींची घरं इथे सापडली आहेत. पुढच्या एका टप्प्यात मृतांना गुडघे पोटाशी घेऊन मोठ्या रांजणांत पुरत. असे शेकडो रांजण उत्खननात निघाले. इ.स.पू. ३००० नंतर दगडी तटबंदी आली आणि ‘बालत गेबाल’ म्हणजे गेबालच्या स्वामिनीचं देऊळ उभं राहिलं. ही इथली ग्रामदेवता. इजिप्तच्या लोकांनी तिला आपली हाथोर देवी मानून टाकलं, त्यामुळे दोन्हीकडच्या माणसांना एकाच देवळात हात जोडायची सोय झाली.

याच देवळाच्या आवारात इजिप्तहून आलेल्या दगडी भांड्यांचे तुकडे मिळाले. त्यांवर फॅरोंची, म्हणजे इजिप्तच्या राजांची, नावं कोरलेली आहेत. सगळ्यांत जुन्यांपैकी एक नाव खासेखेम्वी या फॅरोचं, म्हणजे इ.स.पू. २७०० च्या आसपासचं. गिझाचे पिरॅमिड तेव्हा बांधलेही गेले नव्हते. पुढे स्नेफ्रू फॅरोच्या काळात (इ.स.पू. २६०० च्या सुमारास) लाकडाने भरलेली ४० जहाजं आल्याची नोंद पालेर्मो शिळेवर, म्हणजे जुन्या फॅरोंच्या कारकिर्दींची टिपणं कोरलेल्या दगडावर, आहे. त्याचा मुलगा खुफू. त्याच्या पिरॅमिडच्या पायथ्याशी १९५४ मध्ये एक बंद खड्डा सापडला. आत सुटे भाग करून रचून ठेवलेलं, सुमारे ४३ मीटर लांबीचं जहाज होतं, एकूण १,२२४ तुकडे. त्यातलं मुख्य लाकूड लेबनॉनच्या सीडरचं आहे. इजिप्तमध्ये समुद्रात जाणाऱ्या जहाजाला ‘बिब्लॉसचं जहाज’ म्हणायची पद्धतच पडली होती, मग ते लाल समुद्रात चालणारं का असेना.

मोबदल्यात बिब्लॉसला सोनं मिळे, तलम कापड मिळे, आणि मान मिळे. इ.स.पू. १८०० च्या आसपास इथले राजे आपलं नाव इजिप्तच्या चित्रलिपीत लिहू लागले, एवढंच नाही तर फॅरोच्या हाताखालच्या नगरप्रमुखाची पदवीही स्वतःला लावू लागले. हे राजे लाचार होते असं मला वाटत नाही. मोठ्या गिऱ्हाइकाच्या भाषेत दुकानावर पाटी लावावी, तितकाच यात हिशोब दिसतो. १९२२ च्या फेब्रुवारीत मोठ्या पावसाने समुद्राकडचा कडा ढासळला आणि जमिनीत खोल कोरलेली एक राजाची कबर उघडी पडली. पुढे अशा नऊ कबरी मिळाल्या. त्यांत फॅरो तिसरा आणि चौथा अमेनेमहेत यांनी पाठवलेल्या भेटी होत्या, ज्वालाकाचेच्या, म्हणजे ज्वालामुखीतल्या काळ्या काचेसारख्या दगडाच्या, आणि त्यांवर सोनं मढवलेलं.

आता येऊ या पाय धरायच्या दिवसांकडे. इ.स.पू. १३५० च्या आसपास बिब्लॉसचा राजा होता रिब-हद्दा. इजिप्तच्या अमार्ना गावात १८८७ मध्ये मातीच्या पाट्या सापडल्या. फॅरोच्या दरबाराचा परराष्ट्र पत्रव्यवहार त्यांवर होता, तोही इजिप्तच्या लिपीत नाही. तेव्हाच्या राजकारणाची भाषा असलेल्या अक्कडीत, बाणाच्या टोकासारख्या कीलाकार लिपीत. अशा साधारण ३८० पाट्यांपैकी साठेक एकट्या रिब-हद्दाच्या नावावर आहेत. एवढी पत्रं दुसऱ्या कोणत्याही मांडलिकाने लिहिलेली नाहीत.

सुरुवात ठरलेली. गुबलाची स्वामिनी माझ्या मालकाला बळ देवो, मी सात वेळा आणि आणखी सात वेळा तुमच्या पाया पडतो. मग तक्रार. शेजारच्या अमुरू प्रदेशातला अब्दी-अशिर्ता एकेक गाव गिळत चालला आहे, भूमिहीन टोळ्या त्याला मिळाल्या आहेत, धान्य संपलं, लोकांनी पोटासाठी पोरंबाळं आणि घरातलं लाकूडसामान विकलं. फाशात अडकलेल्या पक्ष्यासारखा मी गुबलात बसलो आहे, असं तो लिहितो. नांगरायला माणूस नाही म्हणून माझी शेतं नवऱ्याविना बाईसारखी झाली आहेत, असंही लिहितो. सैनिक पाठवा, निदान धान्य पाठवा, निदान उत्तर तरी पाठवा!

फॅरोचा दरबार वैतागला होता. रिब-हद्दा सारखी पत्रं का पाठवतो, अशी विचारणा तिकडून झाल्याचं त्याच्याच एका पत्रावरून कळतं. गावातले लोक, घरातली माणसं, अगदी बायकोसुद्धा त्याला सांगत होती की अब्दी-अशिर्ताच्या मुलाशी जमवून घ्या आणि मोकळे व्हा. त्याने ऐकलं नाही. मदत मागायला तो बैरूतच्या राजाकडे गेला आणि मागे धाकट्या भावाने गादी बळकावून वेशीचे दरवाजे लावून घेतले. आपण म्हातारे झालो आहोत, आजारी आहोत, असं तो परमुलखातून लिहीत राहिला. शेवटी तो अब्दी-अशिर्ताच्या मुलाच्या, अझिरूच्या हाती पडला. फॅरोने अझिरूला त्याबद्दल खडसावलं खरं, पण त्याने रिब-हद्दा वाचला नाही. आणि गंमत बघा, गादीवर बसलेला तो भाऊही पुढे फॅरोला पत्रं लिहू लागला. विषय तोच: अझिरू फार माजला आहे.

फॅरो गप्प का बसला? मला दिसतं ते असं. इजिप्तला बंदर चालू हवं होतं, गादीवर कोण याच्याशी त्याला फारसं कर्तव्य नव्हतं. लाकूड येतंय तोवर एका राजाचं रडगाणं म्हणजे दप्तरातली आणखी एक पाटी. रिब-हद्दाला वाटत होतं की पिढ्यान्‌पिढ्यांच्या निष्ठेची काही किंमत असेल.

मग पारडं फिरलं. इ.स.पू. १२०० च्या सुमाराला पूर्व भूमध्य सागराकाठचं सगळं जग हादरलं. हित्ती साम्राज्य कोसळलं, उत्तरेकडचं उगारित हे श्रीमंत बंदर जळून कायमचं उजाड झालं, इजिप्त टिकलं पण दुबळं झालं. दुष्काळ, समुद्रमार्गे आलेल्या टोळ्या, तुटलेला व्यापार, अशी बरीच कारणं सांगतात. बिब्लॉस या धक्क्यातून बऱ्यापैकी धडधाकट बाहेर पडलं. आणि इ.स.पू. १०७५ च्या आसपास तिथे वेनामुन नावाचा इजिप्तचा माणूस येऊन थडकला.

वेनामुनची हकिगत एका पपायरसवर आहे. तो आज मॉस्कोत आहे. हा खरा अहवाल की रचलेली गोष्ट, यावर अभ्यासकांत वाद आहे. रचलेली असली तरी रचणाऱ्याला लाकडाचा धंदा आतून ठाऊक होता, हे वाचताना पटतं. वेनामुन हा इजिप्तच्या थीब्झ शहरातल्या आमुन देवाच्या देवळाचा अधिकारी. देवाच्या नौकेसाठी लाकूड आणायला निघालेला. वाटेत दोर बंदरात त्याच्याच जहाजावरच्या एकाने सोनं-चांदी घेऊन पोबारा केला. तिथल्या राजाने हात झटकले: चोर तुझ्याच जहाजावरचा, माझ्या मुलखातला असता तर भरपाई दिली असती. पुढे वेनामुनने दोर बंदरातल्या लोकांच्या एका जहाजातून चांदी उचलली आणि ‘माझे पैसे मिळेपर्यंत ही माझ्याकडे राहील’ म्हणून ठेवून घेतली.

बिब्लॉसला पोचल्यावर राजा झकरबालचा निरोप आला: माझ्या बंदरातून चालता हो. असा निरोप २९ दिवस रोज येत राहिला. मग एक दिवस देवळात यज्ञ चालू असताना एका पोराच्या अंगात आलं आणि त्याने इजिप्तच्या दूताला वर बोलवा असं सांगितलं. सकाळी भेट झाली. राजा वरच्या मजल्यावर खिडकीकडे पाठ करून बसला होता आणि समुद्राच्या लाटा जणू त्याच्या डोक्यामागेच फुटत होत्या, असं वेनामुन सांगतो.

पुढची बोलणी कुठल्याही वखारीत शोभतील अशी आहेत. पत्र कुठे आहे? ते वेनामुन मागेच ठेवून आला होता. माल काय आणलास? काहीच नाही. तुझ्या बापजाद्यांनी लाकूड दिलं तसं तूही दे, असं वेनामुन म्हणतो. दिलं ना, राजा म्हणतो, पण तेव्हा फॅरोने मालाने भरलेली सहा जहाजं पाठवली होती. मग तो पूर्वजांच्या हिशोबाच्या वह्या आणवतो आणि वाचून दाखवायला लावतो. एक हजार देबेन चांदी जमा, म्हणजे जवळजवळ ९० किलो. इजिप्तचा राजा माझा धनी असता तर त्याने सोनं-चांदी कशाला पाठवली असती? मी तुझा नोकर नाही आणि तुला पाठवणाऱ्याचाही नाही.

वेनामुनने देव-धर्माच्या गोष्टी केल्या. समुद्र आमुनचा, लेबनॉनही आमुनचा. झकरबालवर परिणाम झाला तो थोडासाच: नमुना म्हणून त्याने सात ओंडके पाठवले आणि बाकीच्यासाठी किंमत मागवली. इजिप्तहून माल आला. सोन्याची आणि चांदीची भांडी, तलम कापड, ५०० बैलांची कातडी, ५०० दोर, मसुराची २० पोती आणि माशांच्या ३० टोपल्या. मग राजाने ३०० माणसं आणि ३०० बैल डोंगरावर धाडले. तोडलेली झाडं हिवाळाभर तिथेच पडून राहिली, उन्हाळ्यात ओढून किनाऱ्यावर आणली. ताबा देताना झकरबालने सुनावलंही, की पूर्वी आलेले तुझ्या देशाचे दूत इथे १७ वर्षं अडकून पडले आणि इथेच मेले, बघायच्यात का त्यांच्या कबरी?

नेमकी तेव्हा ती चांदीची भानगड अंगावर आली. वेनामुनला पकडायला त्या दोर बंदरवाल्यांची ११ जहाजं बंदराच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. झकरबालने त्याच्याकडे दारू, एक मेंढा आणि मन रमवायला इजिप्तचीच एक गायिका पाठवली. दुसऱ्या दिवशी त्या लोकांना सांगितलं: देवाच्या दूताला माझ्या मुलखात मी धरू शकत नाही. मी त्याला समुद्रात सोडतो, मग तुम्ही आणि तो! देवही राखला, शेजारीही राखले, पैसे तर आधीच गाठीशी. वाऱ्याने वेनामुनला सायप्रसकडे नेलं आणि तिथेच पपायरस तुटतो.

रिब-हद्दा आणि झकरबाल यांच्यात पावणेतीनशे वर्षांचं अंतर. गाव तेच, झाडं तीच, गिऱ्हाईकही तेच. फरक पडला तो गिऱ्हाइकाच्या ताकदीत.

साधारण याच काळानंतरचा बिब्लॉसचा सगळ्यांत प्रसिद्ध दगड म्हणजे अहिराम राजाची शवपेटी. १९२३ मध्ये ती एका कबरीत सापडली. बाजूवर राजा पंख असलेल्या सिंहांच्या सिंहासनावर बसला आहे, हातात मान टाकलेलं कमळ. समोर जेवणाचं टेबल आणि रांगेने येणारी माणसं. आखूड बाजूंवर केस उपटत, ऊर बडवत रडणाऱ्या बायका. झाकणाच्या कडेने मुलगा इत्तोबालने कोरून घेतलेला मजकूर आहे. ही पेटी जो उघडेल त्याचा राजदंड मोडो, सिंहासन उलथो, असा शाप. कबर प्राचीन काळीच लुटली गेली होती, तेव्हा शापाने कुणी घाबरलं नसावं.

शापापेक्षा त्याची लिपी महत्त्वाची. साधारण इ.स.पू. १००० चा हा मजकूर फिनिशियन वर्णमालेतल्या सलग लेखांपैकी सर्वांत जुन्यांत गणला जातो. इजिप्तच्या किंवा कीलाकार लिपीत शेकडो चिन्हं पाठ करावी लागत. ते आयुष्यभराचं काम होतं. फिनिशियन लिपीत फक्त २२ अक्षरं, सगळी व्यंजनं. स्वर वाचणाऱ्याने भरायचे. क, म, ल एवढंच लिहिलं तर ते कमल, कोमल की कमाल, हे संदर्भाने ठरवायचं. या कुटुंबातल्या भाषांत शब्दाचा सांगाडा व्यंजनांचाच असल्याने काम भागे. ग्रीकांनी ही अक्षरं उचलली आणि काहींना स्वरांच्या कामाला लावलं. त्यातून पुढे रोमन लिपी आली. दुसरी फांदी अरमाईक लिपीची. आपल्या देवनागरीची आजी ब्राह्मी ही अरमाईकवरून घडली असं अनेक लिपितज्ज्ञ मानतात, काहींना ते मान्य नाही.

वर्णमाला बिब्लॉसमध्ये जन्मली असं पर्यटनाच्या माहितीपत्रकांत छापतात, त्यावर मात्र जाऊ नये. तिचे धागे आणखी काही शतकं मागे, सिनाईतल्या पिरोजाच्या खाणींपर्यंत जातात. बिब्लॉसची स्वतःची अशी वेगळीच लिपी होती. ब्राँझच्या पत्र्यांवर आणि दगडांवर तिचे मोजकेच लेख मिळाले आहेत आणि ती अजून कुणाला खात्रीने वाचता आलेली नाही.

अहिरामनंतर पुढारपण टायर आणि सायडनकडे गेलं. तांबडा-जांभळा रंग, दूरच्या वसाहती, कार्थेज, हे सगळं तिकडचं. बिब्लॉसने असिरियाला खंडणी दिली, नंतर इराणच्या सम्राटांना मानलं. इ.स.पू. ३३२ मध्ये टायरने अलेक्झांडरला सात महिने झुंजवलं आणि मग जबर किंमत मोजली. बिब्लॉसने त्याआधीच न लढता दरवाजे उघडले होते. मोठ्यांशी कसं वागायचं याची सवय गावाला फार जुनी.

झाडांचं मात्र वाईट झालं. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोमन सम्राट हेड्रियनने लेबनॉनच्या डोंगरात खडकांवर जागोजाग हद्दीचे लेख कोरवले: चार जातींची झाडं सम्राटाची, इतरांनी हात लावू नये. तोड किती झाली असेल याचा अंदाज यावरून येतो. आज जुन्या सीडरची मोजकीच बनं उरली आहेत. त्यांतलं एक, कादिशा खोऱ्याच्या वरच्या अंगाचं, १९९८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. बिब्लॉस त्या यादीत १९८४ मध्येच गेलं.

बाराव्या शतकात क्रुसेडर, म्हणजे युरोपातून धर्मयुद्धासाठी आलेले ख्रिस्ती योद्धे, आले आणि त्यांनी टेकाडावर किल्ला बांधला. जवळच रोमन खांब आयते पडलेले होते. ते आडवे करून भिंतींत घातले. भिंतीतून बाहेर डोकावणारी त्या खांबांची गोल तोंडं आजही दिसतात. नंतर गावाची घरं जुन्या अवशेषांवरच उभी राहिली. १८६० मध्ये फ्रेंच विद्वान रनाँ आला तेव्हा त्याला त्या घरांच्या मधून खणावं लागलं. १९२१ ते १९२४ मध्ये पिएर मोंते याने कबरी आणि देवळं उघडली. त्याच्यामागून आलेला मोरिस द्यूनाँ १९७५ मध्ये लेबनॉनमध्ये यादवी युद्ध पेटेपर्यंत खणत होता. वरची घरं विकत घेऊन, पाडून.

द्यूनाँची पद्धत आज पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांना कसं खणू नये यासाठी शिकवतात. त्याने सगळं टेकाड २० सेंटिमीटरच्या आडव्या सपाट थरांत उतरवलं. जमीन अशी सपाट नसते. जुन्या गल्ल्या उताराच्या असतात, नंतरच्या लोकांनी खड्डे आणि पाये खणलेले असतात. त्यामुळे एकाच २० सेंटिमीटरमध्ये एका टोकाला एका शतकाची भांडी आणि दुसऱ्या टोकाला पाचशे वर्षं जुनी, असं होऊन बसलं. ‘ओबेलिस्कचं देऊळ’ (ओबेलिस्क म्हणजे उभा, टोकदार दगडी खांब) तर त्याने दगड न् दगड उचलून बाजूला हलवलं, कारण खाली आणखी जुनं देऊळ होतं. वस्तूंच्या नोंदी त्याने कसोशीने ठेवल्या हे खरं. पण कोणती वस्तू कोणत्या काळातली, हे अभ्यासक अजून त्या नोंदींतून जुळवत आहेत.

यादवीत बैरूतचं राष्ट्रीय संग्रहालय नेमकं दोन्ही बाजूंच्या मधल्या रेषेवर आलं. तिथल्या जड शवपेट्या हलवणं शक्य नव्हतं, म्हणून संग्रहालयाचे प्रमुख मोरिस शेहाब यांनी त्यांच्याभोवती काँक्रीट ओतून घेतलं. युद्ध संपल्यावर ते फोडलं. अहिरामची पेटी आज तिथेच बघायला मिळते. बिब्लॉसलाही झळ बसली ती २००६ मध्ये: दक्षिणेकडच्या जिये वीजकेंद्रावर बॉम्ब पडले, साठवलेलं तेल समुद्रात सांडलं आणि प्रवाहाबरोबर उत्तरेला येऊन बंदराच्या जुन्या दगडांवर चढलं. ते हाताने खरवडून काढावं लागलं.

सध्याचं बंदर मासेमारीच्या होड्यांपुरतं आहे. लांब ओंडके भरलेली गलबतं एवढ्याशा जागेत वळली कशी असतील, असा प्रश्न समुद्राखालचे संशोधक बऱ्याच वर्षांपासून विचारत आले आहेत. फॅरोंच्या काळातला धक्का टेकाडाच्या दक्षिणेकडच्या खाडीत असावा आणि आता वाळूमातीखाली गेला असावा, असा काहींचा कयास आहे. त्या बाजूला शोध चालू आहे.